कापूस वेचणाऱ्या हेमरबाई



माझ्या आईला सही करता येत नाही. मतदानाच्या दिवशी ती गावच्या शाळेत जाते, वहीत अंगठा उठवते, बोटाला शाई लावून घेते आणि मत देऊन घरी परत येते. संविधानाचे अमुक कलम वाच आणि त्याचा अर्थ सांग, असे तेथे तिला कोणी म्हणत नाही. १९३५ च्या कायद्याखाली आपल्याकडेही मत मिळे ते जमीन, कर नाहीतर शिक्षण पाहून. बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाचा आग्रह कितीतरी वर्षे आधीपासून धरला होता. १९५० च्या संविधानाने तो हक्क सर्वांना दिला. आज आपल्याला तो इतका अंगवळणी पडला आहे की मतदानाची सुट्टी आपण पाहुण्यांकडे घालवतो. म्हणून तुम्हांला आज अमेरिकेतील एका शेतमजूर बाईची हकीकत सांगते. आपल्याला मत देता येते, हे त्या बाईंना वयाची ४४ वर्षे उलटेपर्यंत कोणी सांगितलेसुद्धा नव्हते. त्यांचे नाव फॅनी लू हेमर.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे कापसाचे राज्य आहे. तेथे ६ ऑक्टोबर १९१७ रोजी फॅनीचा जन्म झाला. वीस भावंडांत ती सर्वांत धाकटी. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. १८७० च्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्कही मिळाला होता आणि त्याच साली मिसिसिपीतून एक काळा माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला होता. परंतु १८९० साली मिसिसिपीने आपली नवी राज्यघटना केली आणि तीत मतासाठी कर व साक्षरतेची परीक्षा घातली. कायद्यात काळा हा शब्द न लिहिता काळ्यांना बाहेर ठेवण्याची ही युक्ती होती. हक्क कागदावर राहिला, माणसे शेतात राहिली.

फॅनीचे आईबाप गोऱ्या मालकाची जमीन वाट्याने करीत. बियाणे मालकाच्या दुकानातून उधार, पीठमीठ उधार, हिशेबाची वही मालकाची. वर्षाअखेर कापूस निम्मा झाला की उरलेल्यातून उधारी कापली जाई आणि हातात बहुधा कर्जच पडे. तुमच्यापैकी जे सालदारी करून मोठे झाले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फॅनी सहा वर्षांची असताना मालकाने तिला दुकानातील खाऊची लालूच दाखवून विचारले की, कापूस वेचशील का? पहिल्या आठवड्यात तिने ३० पौंड वेचला. पुढच्या आठवड्यात तिच्याकडून ६० पौंडांची अपेक्षा झाली. शाळा मिळाली ती वेचणी नसलेल्या महिन्यांत, तीही पाचसहा इयत्ता. एकदा बापाने काटकसर करून खेचरे घेतली, जरा बरे दिवस येणार असे वाटले. तर कोणा गोऱ्याने त्यांच्या चाऱ्यात विष कालवले. घर पुन्हा होते तेथे आले.

पुढे फॅनीचे लग्न पेरी हेमर या मजुराशी झाले. सर्व लोक त्याला पॅप म्हणत. रूलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर नवराबायको अठरा वर्षे राबली. बाईला लिहितावाचता येते हे कळल्यावर मालकाने तिला हजेरी आणि कापसाचे वजन मांडण्याचे काम दिले. मालकाचे वजन खोटे असे. तो नसला म्हणजे हेमरबाई आपल्याजवळचे खरे वजन लावून मजुरांचा कापूस तोलत. मतदान, चळवळ, संघटना हे शब्दही त्यांच्या कानावर आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

१९६१ साली पोटातील गाठ काढण्यासाठी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरने न विचारता, न सांगता त्यांचे गर्भाशयच काढून टाकले. अनेक गरीब काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या काळी तेथे असे घडत असे. दाद मागायची कोणाकडे, हाच प्रश्न होता.

नंतर १९६२ चा ऑगस्ट महिना आला. विद्यार्थ्यांच्या एका अहिंसक संघटनेची तरुण मुले रूलव्हिलच्या चर्चमध्ये सभा घेण्यासाठी आली. तुम्हांला मताचा हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. नाव नोंदवायला कोण येईल, असे विचारताच हेमरबाईंनी हात वर केला.

३१ ऑगस्ट रोजी अठरा जण एका जुन्या बसमधून २६ मैलांवरील इंडियानोला या गावी गेले. काळ्यांना शाळेत व मतदानात येऊ द्यायचे नाही म्हणून गोऱ्यांनी १९५४ साली आपली परिषद स्थापन केली होती, तीही याच गावात. कचेरीत एका वेळी दोघांनाच आत घेतले गेले. अर्जात राहण्याचे ठिकाण आणि मालकाचे नाव लिहायचे होते. ते कशासाठी, हे संध्याकाळी कळणार होते. त्यानंतर कारकुनाने राज्यघटनेतील एक कलम पुढे ठेवले. लॅटिन शब्दाचे, वकिलांनाच कळावे असे कलम. ते उतरवून काढायचे आणि मग त्याचा अर्थ लिहायचा. हेमरबाईंनी उतरवले तर बरोबर, अर्थ मात्र त्यांना आला नाही. नापास.

मी शिक्षिका आहे. दर वर्षी प्रश्नपत्रिका काढते. मुलाला काय येते हे पाहण्यासाठी परीक्षा असते, असेच आम्ही शिकलो. येथे उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा एकटा कारकून, आणि कलम निवडणाराही तोच. गोऱ्या माणसाला सोपे कलम, काळ्या पदवीधराला अवघड. अशी परीक्षा कितीही अभ्यास केला तरी पास होण्यासाठी नसतेच.

परतताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकाला पकडले. कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते! वर्षानुवर्षे तीच बस मजूर वाहून नेत होती तेव्हा रंग कोणाला खुपला नव्हता. दंड १०० डॉलरचा ३० वर आला आणि गरिबांनी आपल्या खिशातून तो गोळा केला. बसमधील माणसे घाबरून गेली होती. तेव्हा हेमरबाईंनी भजन म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू इतरांनीही सूर धरला.

त्या घरी पोहोचण्याआधीच मालकाला बातमी पोहोचली होती. नाव मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. आपण नोंदणी स्वतःसाठी करायला गेलो होतो, मालकासाठी नव्हे, असे उत्तर देऊन हेमरबाई त्याच रात्री बाहेर पडल्या. वेचणी संपेपर्यंत पॅपला मालकाने अडकवून ठेवले. दहाच दिवसांनी, १० सप्टेंबरच्या रात्री, ज्या घरी त्यांना आसरा मिळाला होता त्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने त्या वाचल्या.

डिसेंबरमध्ये त्या पुन्हा त्याच कारकुनापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पास होईपर्यंत दर महिन्याला येत राहीन, असे त्यांनी त्याला बजावले. मधल्या काळात त्यांनी राज्यघटनेचा अभ्यास केला होता. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्याचे कळले. मग मत द्यायला गेल्या, तेव्हा दोन वर्षांच्या मतकराच्या पावत्या मागण्यात आल्या. पावत्या कोठून असणार? नाव यादीत आले, मत हुकले.

त्याच वर्षी ९ जूनला एका शिबिराहून परतताना विनोना गावच्या बसथांब्यावर त्यांना व सोबत्यांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हाती दंडुका दिला आणि त्यांच्याकडून हेमरबाईंना मारवले. मूत्रपिंडाला आणि डोळ्याला झालेली इजा त्यांना जन्मभर भोवली. पोलिसांवर खटला झाला; पंच सर्व गोरे, सर्व पोलीस निर्दोष सुटले. आपल्यातल्याच दोघांच्या हातून मारवण्याची ही रीत मला त्या मारापेक्षाही क्रूर वाटते.

१९६४ साली मिसिसिपीतील काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि आपले प्रतिनिधी अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात पाठवले. ज्या निवडीतून काळ्यांना वगळले ती निवड राज्याची कशी, असा त्यांचा सवाल होता. २२ ऑगस्ट रोजी हेमरबाईंनी समितीपुढे साक्ष दिली. मळ्यावरून काढले जाणे, गोळ्या, तुरुंगातील मार, सगळे साध्या शब्दांत सांगितले. दूरदर्शनवर सारा देश ते ऐकत होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावले, जेणेकरून कॅमेरे तिकडे वळावेत. वळलेही. पण रात्री वाहिन्यांनी तीच साक्ष पुन्हा दाखवली, आणि दुपारी ज्यांनी ऐकली नसती त्यांनीही ऐकली. पुढाऱ्यांनी शेवटी साठाहून अधिक प्रतिनिधींना मिळून दोन जागा देऊ केल्या. मोठमोठी माणसे म्हणत होती, घ्या. हेमरबाई आणि त्यांचे सोबती नाही म्हणाले. दोन खुर्च्यांवर समाधान मानायला त्या इतक्या लांबून आल्या नव्हत्या.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतहक्काचा कायदा झाला, ती परीक्षा बंद पडली. मिसिसिपीत कायद्यापूर्वी शंभरातील जेमतेम सात काळ्या प्रौढांची नावे यादीत होती. १९६७ पर्यंत ती साठाच्या घरात गेली. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमरबाई प्रतिनिधी म्हणून आत गेल्या तेव्हा सभागृह उठून उभे राहिले.

यानंतर त्या काय करतात पाहा. खासदारकी, मोठी खुर्ची त्यांच्या वाट्याला आली नाही. निवडणुका लढवल्या, पण हरल्या. मात्र ज्याची भाकर मालकाच्या हाती त्याचे मतही मालक हिसकावतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून १९६९ साली ४० एकर जमीन घेऊन त्यांनी सहकारी शेती सुरू केली. नंतर ती सहाशे एकरांपलीकडे गेली. त्याआधीच डुकरांची बँक काढली होती. गाभण मादी कुटुंबाला द्यायची, पिले त्याने ठेवायची, मादी बँकेला परत, म्हणजे पुढच्या घराला. ज्या घरांनी मांस क्वचित पाहिले त्यांच्या ताटात ते आले. पण पूर, दुष्काळ आणि कर्ज यांपुढे शेती टिकली नाही. सत्तरीच्या दशकात ती मोडली. हे अपयश मी झाकून ठेवत नाही. चळवळीला पैसा देणारे पुष्कळ भेटतात, बियाण्याला देणारे थोडे.

कर्करोगाने १४ मार्च १९७७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, हेमरबाई गेल्या. १९६५ च्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि मतदारयाद्यांचे भांडण पुन्हा सुरू झाले. रूलव्हिलमध्ये, सहकारी शेतीच्या जमिनीवरच हेमरबाईंना पुरले आहे. पॅप त्यांच्यामागे पंधरा वर्षे जगला. १९९२ साली तोही गेला आणि तो त्यांच्याच शेजारी आहे.