गायनाचार्य हँडेल यांचे दान

ज्यास लोकांत मोठे नाव मिळाले, त्याने गोरगरिबांस द्रव्य द्यावे, की आपल्या नावाचे वजन त्यांच्या कामी लावावे, असा प्रश्न वारंवार निघतो. वादापेक्षा एक चरित्र अधिक बोध करील असे वाटून आम्ही जॉर्ज फ्रेडरिक हँडेल यांचे वृत्त येथे देत आहो.

हँडेल यांचा जन्म इ. स. १६८५ साली जर्मनीतील हाले नगरी लूथरपंथी घराण्यात झाला. मुलाने कायदा शिकावा अशी पित्याची इच्छा. परंतु मुलाचे चित्त वाद्यात गुंतले. पुढे लंडन येथे ते राजमान्य झाले. तथापि कीर्तीबरोबर संकटेही आली. संगीत नाटकांच्या धंद्यात त्यांस तोटा सोसावा लागला, आणि १७३७ साली अर्धांगवायूने उजवा हात काही काळ लुळा पडला. त्यातून उठल्यावर १७४१ साली, सुमारे २४ दिवसांत, प्रभूविषयीच्या निवडक शास्त्रवचनांस स्वर देऊन त्यांनी ‘मशीहा’ हे महागीत रचले.

ते प्रथम डब्लिन शहरी १३ एप्रिल १७४२ रोजी गाइले गेले. मंडपात अधिक माणसे मावावी म्हणून स्त्रियांनी घेरदार झगे व पुरुषांनी तरवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती करण्यात आली होती. उत्पन्न दोन रुग्णालयांस व कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांस वाटले गेले, आणि १४२ कैदी सुटले.

त्या काळी लंडनच्या रस्त्यांत टाकलेली अर्भके मरत. थॉमस कोरम नामक दर्यावर्दी गृहस्थाने सतरा वर्षे खटपट केली. थोर घराण्यांतील स्त्रियांनी अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कोठे १७३९ साली अशा मुलांच्या आश्रमास राजाची सनद मिळाली. या आश्रमाच्या प्रार्थनामंदिरास हँडेल यांनी बाजाची पेटी दिली, व १७५० साली तेथे ‘मशीहा’ गायिले. श्रोते इतके लोटले की, त्याच महिन्यात ते पुन्हा गावे लागले. पुढे वर्षानुवर्षे हा क्रम चालून हजारो पौंड जमले.

परंतु एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. या गीतावर आश्रमाचाच हक्क राहावा असा कायदा करून घेण्याचा विचार १७५४ साली व्यवस्थापकांनी केला, तेव्हा हँडेल संतापले व त्यांनी साफ नकार दिला. ते गीत त्यांच्या उपजीविकेचेही साधन होते. कोणी यास लोभ म्हणेल. आम्हांस मात्र दिसते ते असे की, दान मागून घेता येते, कायद्याने बांधून घेता येत नाही. कारण दृष्टी गेल्यावरही त्यांनी आश्रमाची सेवा सोडली नाही. आणि १७५९ साली ते वारले, तेव्हा मृत्युपत्राने त्याच गीताची प्रत आश्रमास मिळाली. निराधार वादकांच्या निधीसही त्यांनी १००० पौंड ठेविले.

तर मग द्रव्य की वजन? हँडेल यांच्या नावाने परक्यांच्या थैल्या उघडल्या. पण त्या नावामागे त्यांचे श्रम व पैसाही होता. नुसते नाव देऊन हात राखणारा अर्धेच देतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपले नाव लंडनपर्यंत जात नाही. पण गावात ज्याच्या शब्दास मान आहे असा उपदेशक विधवेचा अर्ज घेऊन कचेरीत तिच्यासोबत उभा राहिला, तर तेही दान होय. मात्र तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल, तर त्याने शब्दाबरोबर पायलीभर जोंधळेही न्यावेत.