प्लेग ओळखणारे डॉक्टर : अकासिओ व्हिएगस

मुंबईत मेट्रो सिनेमाजवळून जाताना एका डॉक्टरांचा पुतळा दिसतो. बहुतेक लोक बघतही नाहीत. मीही कित्येक वर्षं पाहिला नव्हता!

डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातल्या हडफडे गावात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली दाट वस्ती. धान्याची गोदामं, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं. उंदरांना आणखी काय हवं?

सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे वेगळ्याच तापाचे रोगी येऊ लागले. जांघेत, काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे. असं जाहीर बोलणं सोपं नव्हतं. प्लेगचं नाव निघालं की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, व्यापार बसणार. पण दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासणी केली आणि व्हिएगसांचं निदान खरं ठरलं.

वस्त्या साफ करा, उंदीर मारा, असा त्यांनी धोशा लावला. स्वतः रोग्यांच्या खोल्यांत जाऊन उपचार केले. पालिकेची माणसंही कामाला लागली. भिंतींना चुना, गटारांत आणि घरांत कार्बोलिक, ऊन यावं म्हणून छपरं उघडायची, रोग्याचे कपडे जाळायचे. शाळेत हा भाग शिकवताना आपण इथेच थांबतो, पण खरी गोष्ट पुढे आहे.

पिसवा उंदरामागून माणसाकडे येतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. उंदीर मेला, गार पडला, की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात. आता बघा, फरशी कार्बोलिकने धुतली, पण कौलांतला उंदीर तसाच राहिला, तर काय उपयोग? गावाकडची जुनी माणसं मात्र उंदीर पडला की घर सोडून माळावर झोपड्या बांधत. कारण ठाऊक नसलं तरी खूण बरोबर होती. मुलांना विचारा, घरात फिनेल टाकलं म्हणजे उंदीर जातो का? बिळं बुजवणं आणि धान्य झाकून ठेवणं हे वेगळं काम आहे.

सक्तीच्या झडत्यांनी लोक चिडले, रोगी लपवू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लसीला लोक भीत होते, तरी व्हिएगसांनी सुमारे १८,००० जणांना लस टोचली असं सांगतात. ओळखीच्या डॉक्टरांसमोर माणूस दंड पुढे करतो, शिपाई दारात आला की मात्र कडी लावतो!

१९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं. काळबादेवीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.