टायरमध्ये हवा आणणारे जॉन डनलप कोण होते?

नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या घाटात डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला, तर समजा हवा कमी झालीय. ही हवा टायरमध्ये रूढ केली जॉन बॉइड डनलप यांनी.

१८४० मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले डनलप बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून १८८७ मध्ये त्यांनी चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली. १८८८ मध्ये पेटंट मिळालं, पण पुढे ते टिकलं नाही. रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना चार दशकं आधी नोंदवली होती. कंपनी डनलप यांच्या नावाने मोठी झाली, ते मात्र १८९५ मध्ये बाहेर पडले. १९२१ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

दिवा लागल्यावर टायर थंड असताना दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरा, मगच रीसेट करा. नाहीतर काही गाड्या कमी हवाच बरोबर धरतात.