अख्खी भिंत अंगावर कोसळली, पण गडी हलला नाही! बस्टर कीटनची गोष्ट

मोबाइलवर एक क्लिप बऱ्याच जणांना येऊन गेली असेल. काळी-पांढरी, मुकी. वादळात एक बारका माणूस उभा आहे, मागच्या घराची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते आणि हा जागच्या जागी शाबूत! माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून खाली गेलेली असते. खाली हसणारे इमोजी, आणि कुणीतरी विचारतंच, हे एडिटिंग आहे का?

नाही. भिंत खरी, वजन सुमारे दोन टन. चित्रपट ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’, साल १९२८. माणूस बस्टर कीटन.

४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावात त्याचा जन्म झाला. आई-बाप फिरत्या करमणुकीच्या खेळांत काम करायचे. पोरगं अगदी लहानपणीच स्टेजवर आलं. खेळ काय, तर बाप त्याला उचलून फेकणार! उचलायला सोपं पडावं म्हणून कपड्यांच्या पाठीला मूठ शिवलेली, पेटीला असते तशी. लोक पोट धरून हसायचे. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी मंडळी मात्र मागे लागली होती. न्यू यॉर्कमध्ये काही काळ बंदीही आली.

तिथंच त्याला एक गोष्ट उमगली. पडल्यावर आपण हसलो की लोक कमी हसतात, चेहरा दगडासारखा ठेवला की थिएटर डोक्यावर घेतात. पुढं हाच चेहरा त्याची ओळख झाला. आजच्या रीलमधली पोरं पडायच्या आधीच हसायला लागतात, म्हणून निम्मी मजा जाते, असं आपलं माझं मत.

बापाच्या दारूपायी खेळ मोडला. १९१७ मध्ये बस्टर सिनेमात आला, रॉस्को आर्बकल या तेव्हाच्या मोठ्या विनोदवीराच्या हाताखाली. आठवड्याला २५० डॉलरचं स्टेजचं काम सोडून ४० डॉलरवर. आधी कॅमेरा उघडून आत काय चालतं ते बघून घेतलं, मग काम सुरू केलं. १९२० पासून स्वतःचे चित्रपट काढू लागला.

त्या क्लिपकडं परत येऊ. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोजवळ नदीकाठी सेट लावला होता. भिंत पडताना खिडकीची चौकट आणि त्याचं अंग यांत फक्त काही इंचांची फट राहणार होती. उभं राहायची जागा मोजून ठरवलेली. तो नुसता धाडस करणारा नव्हता, मापात पक्का होता. तरी पाय थोडा सरकला असता तर संपलंच होतं. शूटिंगच्या वेळी युनिटमधल्या काहींनी तोंड फिरवलं होतं म्हणतात.

माप नेहमीच जमलं असंही नाही. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर आला आणि मान रुळावर आपटली. डोकं काही दिवस दुखलं, पठ्ठ्या कामावर हजर. मान मोडली होती हे कळलं अनेक वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये. लोक त्या सीनला आजही हसतात. आपणही हसतोच की.

‘द जनरल’ (१९२६) साठी ऑरेगनमध्ये खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. आज तो सर्वोत्तम मूकपटांत गणला जातो, तेव्हा मात्र आपटला.

आता हिशेबाची बाजू. ज्या कंपनीच्या नावात ‘बस्टर कीटन’ होतं, तिचा एक शेअरही त्याच्याकडं नव्हता. सूत्रं होती मेहुणीचा नवरा जोसेफ शेंक याच्या हाती. १९२८ मध्ये शेंकच्या सांगण्यावरून तो एमजीएम या बड्या स्टुडिओत गेला. चॅप्लिननं नको म्हणून सांगितलं होतं. तिथं पटकथा दुसऱ्यांच्या, जोखमीच्या उड्यांना मनाई. पडायचं कसं हे ज्याला तिसऱ्या वर्षापासून ठाऊक, त्याला पडू देईनात! बापाची दारू लेकाकडं आली. १९३२ मध्ये घटस्फोट, १९३३ मध्ये नोकरी गेली. नंतर त्याच स्टुडिओत दुसऱ्यांसाठी विनोद सुचवण्याचं काम केलं, तेही अगदी कमी पगारावर.

१९४० मध्ये एलेनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि गाडी रुळावर आली. १९५० च्या दशकात त्याच्या जुन्या बंगल्यात राहणाऱ्या अभिनेता जेम्स मेसनला तिथं रिळांचे डबे सापडले. त्यांतले बरेच चित्रपट वाचले, म्हणून आज ते आपल्या मोबाइलवर दिसतात. १९६० च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला मानद पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगानं तो गेला. त्याआधी काही महिने तो स्पेनमध्ये शूटिंगला होता. भूमिका होती रोमच्या सात टेकड्यांभोवती फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्याची. चित्रपट थिएटरात लागला तेव्हा तो हयात नव्हता.