मेंढी, हातोडा आणि पाच व्होल्ट

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आमची लाइन फॉलोअर गाडी वीतभर जायची, अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. प्रोग्राम चार वेळा तपासला, वायरी बदलल्या, एकमेकांवर ओरडून झालं. शेवटी कळलं की प्रोग्राम बिचारा निर्दोष होता. चार पेन्सिल सेल म्हणजे सहा व्होल्ट, आणि त्यातून पाच व्होल्ट काढायला आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ७८०५ लावला होता. या ७८०५ ला काम करायला स्वतःसाठी वर जवळपास दोन व्होल्ट लागतात. आम्ही देत होतो एक. मोटर सुरू झाली की तोही नाही.

हे जे वरचं लागतं ना, तेच ड्रॉपआउट. गिरगावातल्या चाळीत गच्चीवरची टाकी तळाला आली की वरच्या मजल्यावरच्या नळाची धार आधी बारीक होते, तळमजल्याला मात्र पाणी येतच असतं. ७८०५ म्हणजे वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर, म्हणजे एलडीओ, तळमजल्यावर राहतो.

सरांनी कपाटातून एका एलडीओचा डेमो बोर्ड काढून दिला. काडेपेटीएवढा हिरवा तुकडा, दोन टर्मिनल, चिपला अगदी चिकटून दोन कपॅसिटर, मीटर लावायला पिना. एवढ्याशा गोष्टीसाठी कंपन्या आख्खा बोर्ड का बनवतात म्हणून शोधायला गेलो, आणि सापडला बॉब विडलर. एलडीओ त्याने शोधला असं मी म्हणत नाही. पण त्या चिपच्या पोटात जे चालतं त्यातलं बरंचसं त्याच्या टेबलावरून आलेलं आहे.

रॉबर्ट जॉन विडलरचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील रेडिओ स्टेशनात इंजिनिअर, तेही स्वतःच शिकलेले. त्यामुळे पोरगा शाळेत असतानाच रेडिओ दुरुस्त करू लागला. १९५८ मध्ये तो हवाई दलात गेला. तिथे जवानांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं काम मिळालं आणि शिकवता शिकवता त्याने सेमीकंडक्टरवर एक पुस्तकही लिहिलं. तेव्हा त्याच्याकडे डिग्री नव्हती! ती नोकरी करत करत कोलोरॅडो विद्यापीठातून १९६३ मध्ये मिळाली. त्याच वर्षी तो कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड कंपनीत आला.

त्या काळी आयसी म्हणजे डिजिटल गेट, अशीच समजूत होती. अ‍ॅनालॉग सर्किट चिपवर नेताना लोक सुट्या भागांचं सर्किट जसंच्या तसं उचलून बसवायचे. विडलरने उलटा विचार केला. चिपवर मोठा रेझिस्टर महाग आणि बेभरवशाचा, पण शेजारी शेजारी बनलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे सारखे. मग रेझिस्टर कमी करा आणि जुळ्यांना कामाला लावा. व्हायवाला आपल्याला छळणारा विडलर करंट सोर्स यातूनच आला. १९६४ चा म्यूए ७०२ आणि १९६५ चा म्यूए ७०९ हे त्याचे ऑप अ‍ॅम्प. ७०९ जोरात खपला आणि कंपनीने पैसा केला. हा मात्र पगारावरच. वर्ष संपता संपता डेव्ह टॅलबर्ट या प्रोसेस इंजिनिअर जोडीदारासह त्याने नोकरी सोडली. जाताना कारणाच्या रकान्यात आपल्याला श्रीमंत व्हायचंय एवढंच लिहिलं, असं सांगतात.

पुढचं दुकान म्हणजे नॅशनल सेमीकंडक्टर. तिथे १९६७ मध्ये त्याचा एलएम १०० हा व्होल्टेज रेग्युलेटर बाजारात आला. चांगला होता, पण त्याला इनपुटला किमान साडेआठ व्होल्ट लागायचे, आणि जास्त करंट हवा असेल तर बाहेरून ट्रान्झिस्टर जोडावा लागायचा. आत स्थिर संदर्भ म्हणून झेनर होता. झेनरलाच सहा-सात व्होल्ट हवेत, मग चिप कमीत कशी चालणार?

यावरची तोड मला सगळ्यात आवडते. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधला व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतो. पण वेगवेगळ्या करंट डेन्सिटीवर चालवलेल्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक घेतला, तर तो तापमानाबरोबर चढतो. उतरणारा आणि चढणारा योग्य प्रमाणात मिळवा, बेरीज १.२ व्होल्टच्या आसपास स्थिर! याला बँडगॅप रेफरन्स म्हणतात. मूळ कल्पना १९६४ मध्ये फेअरचाइल्डच्याच डेव्हिड हिल्बिबरने मांडली होती, ती एका चिपवर बसवून विकण्याजोगी केली विडलरने. १९७० च्या सुमारास आलेला एलएम १०९ म्हणजे तीन पायांचा, नुसता जोडला की पाच व्होल्ट आणि एक अँपिअरच्या वर करंट देणारा रेग्युलेटर. इनपुट सात व्होल्ट पुरे. जास्त करंट ओढला तर स्वतःला आवरणारा, फार तापला तर स्वतःच बंद पडणारा. आपला ७८०५ याच घराण्यातला.

आणि इथेच बोर्डाचा संबंध येतो. एलएम १०० वरची नॅशनलची पहिली अ‍ॅप्लिकेशन नोट विडलरने स्वतः लिहिली. एलएम १०९ च्या नोटमध्येही मुद्दा हाच, की लांबून एक मोठा पुरवठा आणण्यापेक्षा प्रत्येक कार्डावर त्याचा स्वतःचा रेग्युलेटर बसवा. सर्किट कुठे लावायचं, कपॅसिटर कुठे हवा, काय केलं तर जळेल, हे चिप बनवणाराच सांगत होता. डेमो बोर्ड म्हणजे माझ्या मते तीच नोट, फक्त कागदाऐवजी तांब्यावर.

माणूस सरळ नव्हता. प्यायचा, भांडायचा. ऑफिसात कुणी मोठ्याने बोललं की कर्कश आवाज काढणारं यंत्र त्याने बनवून ठेवलं होतं. नॅशनलने लॉन कापायचा खर्च वाचवला, तेव्हा १९७० मध्ये हा आपल्या उघड्या मर्सिडीजमधून मेंढी घेऊन आला आणि तिला कंपनीच्या गवतावर सोडली. आणखी एक सवय होती: खराब निघालेला पार्ट हातोड्याने कुटून त्याचा भुगा करायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाला फसवणार नाही. आपल्याकडे जळलेला आयसी निमूटपणे त्याच डबीत परत जातो आणि पुढच्या बॅचच्या नशिबी येतो. (आमच्याही हातून गेलाय. कबूल.)

१९७० च्या डिसेंबरात, तेहतिसाव्या वर्षी, शेअरचा पैसा घेऊन तो मेक्सिकोत पोर्तो वायार्ताला निघून गेला. पण काम सुटलं नाही. नॅशनलसाठी बाहेरून केलेला त्याचा १९७८ चा एलएम १० फक्त १.१ व्होल्टवर चालायचा. साडेआठ, सात, आणि मग हे! १९८१ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजीच्या संस्थापकांत तो होता. तिथेही बिनसलं आणि १९८४ मध्ये बाहेर. शेवटच्या काही वर्षांत दारू सोडली होती, धावायला लागला होता. २७ फेब्रुवारी १९९१ ला मेक्सिकोतच धावताना हृदयविकाराने गेला. वय ५३.

एलएम १०९ मध्ये करंट नेणारा ट्रान्झिस्टर एनपीएन होता, त्यामुळे दोन व्होल्ट सुटत नव्हते. पुढे इतरांनी तिथे पीएनपी बसवला आणि ते अंतर अर्ध्या व्होल्टवर आलं. गाडी स्टार्ट करताना बॅटरी सहा व्होल्टपर्यंत बसते, तिथे त्याची गरज होती. मात्र हे पीएनपीवाले आउटपुटच्या कपॅसिटरबाबत नखरेल असतात. चुकीचा लावला तर स्थिर पाच व्होल्टऐवजी स्कोपवर लाटा दिसतात.

त्या रात्री आम्ही बोर्डाचा इनपुट सातपासून दशांश-दशांशने खाली आणला. ७८०५ ने जिथे मान टाकली होती, तिथे हा मजेत पाच देत होता. साडेपाचच्या खाली गेल्यावर कुठे घसरायला लागला. मग रूममेटला लहर आली. त्याने इनपुट बारा केला आणि एक अँपिअरचा लोड लावला. म्हणजे चिपमध्ये सात वॉट. बोट लावलं तर चटका बसला, आणि थोड्या वेळात मीटर शून्यावर. आम्हाला वाटलं बोर्ड गेला, आता सरांना तोंड कसं दाखवायचं! पॉवर काढून दोघे गप्प बसलो. दहा मिनिटांनी लोड सोडून परत चालू केला. मीटरवर ५.०२.