मागच्या चाकाने केला जगज्जेत्याचा घात

स्कॉटलंडमधील किल्मनी येथे ४ मार्च १९३६ रोजी एका शेतकरी कुटुंबात जिम क्लार्क यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध असतानाही ते मोटार शर्यतींकडे वळले. 'लोटस' संघाकडून १९६३ व १९६५ मध्ये ते फॉर्म्युला वनचे जगज्जेते ठरले. १ जानेवारी १९६८ रोजी २५ वा विजय मिळवून त्यांनी फॅन्जिओ यांचा विक्रम मोडला.

इंजिन मागे असलेल्या त्या गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असत. मागची पकड सुटली, की पुढची चाके रस्ता धरून राहतात आणि गाडी गरकन फिरते. मग कौशल्यही अपुरे पडते. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू शर्यतीत, ओल्या मार्गावर हेच घडले असावे. मागच्या टायरमधील हवा कमी झाली, हेच कारण सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. मार्गालगत संरक्षक कठडे नव्हते. गाडी थेट झाडांवर आदळली आणि अवघ्या ३२ व्या वर्षी क्लार्क यांचा अंत झाला.

पुढे तेथे कठडे उभे राहिले. सर्वांत निर्दोष चालकही सुरक्षित नाही, ही जाणीव मात्र सहकाऱ्यांना कायमची अस्वस्थ करून गेली.