उत्तर चुकले, रीत बरोबर – अ‍ॅरिस्टार्कस



सहामाही परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिका हातात पडल्या की पुष्कळ मुले फक्त शेवटचे उत्तर बघतात. उत्तर चुकले की चेहरा पडतो. रीत बरोबर होती म्हणून सरांनी गुण दिले आहेत, इकडे लक्षच जात नाही. अशा मुलांना यावेळी एका ग्रीक गणितज्ञाची ओळख करून देत आहे. त्याचे उत्तर जवळजवळ वीस पटींनी चुकले होते, तरी आज सुमारे २,३०० वर्षांनंतरही जग त्याचे नाव आदराने घेते.

अ‍ॅरिस्टार्कसचा जन्म इ.स.पू. ३१० च्या सुमारास सामोस बेटावर झाला. पायथागोरसही याच बेटाचा. स्ट्रेटो नावाच्या तत्त्वज्ञाकडे अ‍ॅरिस्टार्कस शिकला. इ.स.पू. २८० मध्ये त्याने वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाचा वेध घेतल्याची नोंद आहे. दुर्बीण निघायला तेव्हा आणखी जवळजवळ १,९०० वर्षे अवकाश होता. त्याच्याजवळ होते फक्त डोळे आणि भूमिती.

त्याने विचार केला, चंद्र बरोबर अर्धा दिसतो तेव्हा पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांचा काटकोन त्रिकोण होतो. काटकोन चंद्रापाशी असतो. मग पृथ्वीवरून चंद्र आणि सूर्य यांच्यामधील कोन कळला की अंतरांचे प्रमाण काढता येईल. हा कोन त्याने ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्रापेक्षा १८ ते २० पट दूर आहे, असे सिद्ध केले. प्रत्यक्षात हा कोन ९० अंशांना अगदी थोडा कमी, म्हणजे सुमारे ८९ अंश ५१ मिनिटे आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ ३९० पट दूर आहे. तीन अंशांपेक्षाही कमी फरकाने एवढा घोटाळा झाला!

पुढे चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीवरून त्याने चंद्राचा व्यास पृथ्वीच्या सुमारे एक तृतीयांश काढला. खरा आकडा एक चतुर्थांशाहून थोडा जास्त आहे. सूर्याचा व्यास त्याने पृथ्वीच्या साडेसहा-सात पट काढला. तो प्रत्यक्षात १०९ पट आहे. आकडे चुकले, पण सूर्य पृथ्वीपेक्षा फार मोठा आहे हे त्याने गणिताने दाखवून दिले.

बहुधा यामुळेच पुढचे धाडस त्याला सुचले असावे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे त्याने मांडले. त्याचे ते लिखाण आज उपलब्ध नाही. आर्किमिडीजच्या एका ग्रंथातील उल्लेखामुळे ते आपल्याला माहीत आहे. लोकांना हे पटले नाही. पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांच्या जागा बदललेल्या का दिसत नाहीत, हा मोठा आक्षेप होता. तारे अतिशय दूर आहेत, हे त्याचे उत्तर. क्लीन्थीस नावाच्या तत्त्वज्ञाचे तर म्हणणे होते की याच्यावर अधर्माचा आरोप ठेवावा. इ.स.पू. २३० च्या सुमारास अ‍ॅरिस्टार्कस वारला, तेव्हा त्याच्या बाजूने फारसे कोणी नव्हते.

पुढे १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ आला आणि सूर्यकेंद्री विचार पुन्हा उभा राहिला. १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने एका ताऱ्याचे ते सूक्ष्म सरकणे मोजून दाखविले. अ‍ॅरिस्टार्कसचे तेही उत्तर खरे ठरले, पण दोन हजार वर्षांनी. चंद्रावरील एका अत्यंत तेजस्वी विवराला आज त्याचे नाव आहे.

मुलांनो, येत्या शुक्ल अष्टमीला सूर्य मावळण्याच्या थोडे आधी गच्चीवर जा. पश्चिमेकडे टेकलेला सूर्य (त्याच्याकडे टक लावून बघू नका) आणि वर आकाशात अर्धा चंद्र, दोन्ही एकाच वेळी दिसतील. हाच तो त्रिकोण. वहीत काढा आणि वर्गात आणून दाखवा.

पालकांना एक विनंती. उत्तरपत्रिका घरी आली की किती गुण मिळाले हे जरूर विचारा, पण त्याआधी मुलाला जवळ बसवून गणित कसे सोडविले ते समजून घ्या.

– प्राचार्य